म्हादूच्या तोंडचा रिकामा फुगा

परवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं, आणि मी खुर्चीत अंग चोरून बसलेली. डॉक्टर पस्तिशीतला, हसऱ्या तोंडाचा. डोळ्यांत थेंब टाकता टाकता मला धीर द्यायला म्हणाला, "मावशी, काळजी न्हाय, म्हादू हाय!"

मी ताडकन उठून बसले. थेंब गालावर.

"अहो डॉक्टर, म्हादूच्या पाठीवर बसून जाणारी रानू आठवती का?"

"आठवती म्हणजे? शाळा सुटली की दप्तर भिरकावून पळत सुटायचो आम्ही."

"ती रानू मी!"

त्यानं हातातली बाटली खाली ठेवली. मी लगेच रानूची आरोळी ठोकून दाखवली. बाहेर नंबर लावून बसलेले पेशंट दारातून डोकवायला लागले. डोळा राहिला बाजूला आणि आम्ही दोघं म्हादूवर बोलत बसलो. घरी आले तर दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन, 'शैलाताई, केबल चॅनेलच्या दिवसांवर काहीतरी लिहा.' आता मी दुसरं काय लिहिणार, सांगा बरं! कुठल्या साली लागले, पगार किती होता, कधी सोडलं, ते सगळं चुलीत जाऊ दे. मी म्हादूचं सांगते.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. आमचं चॅनेल म्हणजे राजारामपुरीत एका सायकल दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. एका खोलीत व्हीसीआरची चळत. दुसरीच्या भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकलेल्या, रस्त्यावरचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून. तो आमचा स्टुडिओ. उन्हाळ्यात तिथं पंखा लावायची सोय नव्हती, कारण पंख्याचा आवाज टेपवर उतरायचा. घाम पुसत बातम्या वाचायच्या, वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचायच्या, पाणी कुठल्या पेठेत येणार नाही ते सांगायचं. मी मूळची जयसिंगपूरची. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या जयंतीला सूत्रसंचालन मीच करायची. तिथं एकदा चॅनेलचे मालक धनाजीराव पाहुणे म्हणून आले, आणि भाषणं संपल्यावर मला म्हणाले, "बाई, तुमचा आवाज मंडपाच्या बाहेर उसाच्या ट्रॉलीपर्यंत ऐकू येतोय. आमच्याकडं या." गेले.

म्हादू आमच्याकडं आला तो वृंदावहिनींच्या ट्रंकेतून. वहिनींचे यजमान उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत इंजिनिअर. कारखान्यानं त्यांना शिकायला जपानला धाडलं, वहिनीही गेल्या आणि काही वर्षं राहून बोलीभाषा चांगली घोटवून आल्या. येताना बाकीच्या बायका साड्या-भांडी आणतील, यांनी काय आणलं? एका गोष्टीची जाड जाड चित्रपुस्तकं आणि त्याच गोष्टीच्या टीव्हीवरून घेतलेल्या टेपा. पुस्तकाला तिकडं मांगा म्हणतात, पानोपानी चित्रं आणि बोलणं फुग्यांत लिहिलेलं. त्यावरून टीव्हीसाठी जी हलती चित्रं करतात ती ॲनिमे. मालकांना संध्याकाळी सहाला पोरांसाठी काहीतरी हवंच होतं. टेपा बघून ते खुर्चीतच उड्या मारायला लागले. परवानगी? कुणाची? केबलच्या धंद्यात तेव्हा हा प्रश्न विचारणारा माणूस जन्माला यायचा होता. आज त्याची लाज वाटते. पण तेव्हाचा आनंद खोटा होता असं काही मी म्हणणार नाही.

गोष्ट साधी होती. एका डोंगराळ मुलखातल्या सगळ्या चुली विझल्यात, पेटतच नाहीत. एक पोरगी मडक्यात शेवटचा निखारा घेऊन निघते, डोंगरापलीकडच्या गावाला द्यायला. वाटेत तिला एक भलामोठा ड्रॅगन भेटतो. त्याच्या पोटातली आग कधीच विझलेली, धूरसुद्धा निघत नाही. तो तिला पाठीवर घेतो. पोरीचं जपानी नाव जिभेवर बसेना, तिची आम्ही रानू केली, तिला आवाज माझा. आणि ड्रॅगनचा म्हादू केला बापूंनी.

बापू चौगुल्यांना जुनं कोल्हापूर आवाजावरून ओळखत होतं. रिक्षाला कर्णा बांधून ते सिनेमाची जाहिरात करत गावभर फिरायचे. डाव्या हातात माइक, उजवा हात कानावर. "आजच पाहा, उद्या म्हणाल राहिला!" असं ओरडले की पेठेतल्या बायका भाकरी तव्यावर सोडून दारात यायच्या. केबल आली, जाहिरात टीव्हीवर गेली आणि बापूंची रिक्षा बंद पडली. म्हणजे आमच्याच धंद्यानं त्यांचा धंदा खाल्ला. धनाजीरावांना ते टोचत असावं, कारण ड्रॅगनला आवाज कुणाचा म्हटल्यावर त्यांच्या तोंडून दुसरं नाव आलंच नाही. बापू आले, टेप बघितली आणि म्हणाले, "ह्यो तर आमच्या मळ्यातला म्हादू रेडा! तसंच नाक, तसंच डोळं. म्हादूच म्हणायचं ह्येला." म्हादूच म्हटलं.

आता आवाज देणं म्हणजे काय ते सांगते, कारण लोकांना वाटतं नुसतं वाचायचं. तसं नसतं. टेपवरचं तोंड किती वेळा उघडतं ते आधी मोजायचं. वहिनी अर्थ सांगायच्या, मी त्याचं मराठी करायची, आणि मराठी त्या उघडझापीत बसलं नाही तर परत वाक्य मोडून घडवायचं. तोंड मिटल्यावर आवाज येत राहिला की बघणाऱ्याला वाटतं चित्रात भूत बोलतंय. मला तर सवयच लागून गेली होती. बाजारात कोथिंबीर घेताना बाईशी बोलायचं सोडून तिचं तोंड किती वेळा उघडतंय ते मी मोजत बसायची.

तर म्हादू संकटात धावून येतो तेव्हा दर वेळी त्याचं तोंड सहा वेळा उघडायचं. वहिनी म्हणाल्या, "तो फक्त 'मी आलो आहे' असं म्हणतोय. त्यांच्या भाषेत ते लांबतं." मी 'आलो, आलो' करून बघितलं, 'भिऊ नकोस' करून बघितलं. काही बसेना. बापू कंटाळले आणि माइकमध्ये गरजले, "काळजी न्हाय, म्हादू हाय!" बरोब्बर सहा! आम्ही टाळ्या पिटल्या. धनाजीराव जिन्यातून ओरडले, "नाद खुळा, बापू!"

वहिनींनी मात्र पुस्तकाची पानं चाळली. मग हळूच म्हणाल्या, "पण पुस्तकात तो काहीच बोलत नाही."

झालं! तिथून आमचं जे भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत. मी टेपेच्या बाजूची, त्या पुस्तकाच्या. पुस्तक त्या कुणाच्या हातात द्यायच्या नाहीत. मांडीवर घेऊन बसायच्या, आणि टेप चालू झाली की, "हे पुस्तकात नाही. हेही नाही. हे तर अजिबात नाही." पुस्तकातला दुष्ट म्हणजे रानूची सख्खी मावशी, टीव्हीवाल्यांनी तिचा जादूगार केला. पुस्तक काळं-पांढरं, त्यामुळं रानूच्या केसांचा रंग ज्याचा त्यानं ठरवायचा. टीव्हीत केस हिरवेगार! आणि म्हादू पुस्तकात पानंच्या पानं मुका. डोंगर, बर्फ, पाठीवर पोरगी, आणि चाललाय. टीव्हीत त्याच्या तोंडाला खळ नाही.

"त्यांनी त्याला बडबड्या केलाय हो शैलाताई," वहिनी कळवळून म्हणायच्या.

"मग काय टीव्हीवर मुका रेडा चालवत न्यायचा? लोक म्हणतील टीव्ही बिघडला! आवाज गेला म्हणून फोन करतील."

"शांततेला काही किंमत असते की नाही?"

"वहिनी, ही शांतता विकायला केबलला काय मिळणार?"

बापू आमच्या मधे बसून तंबाखू मळत ऐकायचे. त्यांना भांडणाचं काही नव्हतं. "बोलतोय ते बरं हाय की," एवढंच म्हणायचे.

आणि कोल्हापूर खुळं झालं हो! सहा वाजले की रंकाळ्यावरची भेळेची गाडी ओस पडायची. आमच्या टेपेची नक्कल दुसऱ्या दिवशी एसटीनं कबनूरला आणि गारगोटीला जायची, तिथले केबलवाले लावायचे. कबनूरहून एका यंत्रमागवाल्याचा फोन आला. पहिल्याच वाक्याला सुरुवात, "ओ पावणं, तुमच्या म्हादूनं माझं माग बंद पाडलं की! सहा वाजलं की सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाया उठून टीव्हीम्होरं. तुमचा म्हादू येणार का कांड्या भराय?" मी सपशेल माफी मागितली. तर खालच्या आवाजात विचारतो, "बरं, ते ऱ्हाऊ दे. उद्या त्यो खिंडीतनं सुटतोय का न्हाय?" गारगोटीच्या एका गुरुजींनी कळवलं की हजेरीला पोरं 'हजर' म्हणायच्या ऐवजी 'म्हादू हाय' म्हणतात. एका आजींनी फोन करून रानूला बजावलं की, बर्फात अनवाणी फिरू नगंस, कानाला काहीतरी बांध. मी रानूच्या आवाजात 'व्हय आजी' म्हटलं. काय करणार!

बापूंना तर रस्त्यातनं चालणं मुश्कील झालं. ज्या माणसाची रिक्षा बंद पडल्यावर कुणी चहाला विचारत नव्हतं, त्याच्यामागं मंगळवार पेठेतली पोरं 'ओ म्हादू, ओ म्हादू' करत धावायची. बापू थांबायचे, उजवा हात कानावर न्यायचे आणि गरजायचे. मी स्वतः बघितलंय, त्या माणसाची पाठ ताठ झाली.

पुढं पुढं गोष्ट रेंगाळायला लागली. म्हादू आणि जादूगार एकमेकांकडं डोळे वटारून बघतायत, वारा सुटलाय, झेंडा फडफडतोय, परत डोळे. अख्खा भाग डोळ्यांतच गेला. धनाजीराव वैतागले. तेव्हा वहिनींनी समजावलं. पुस्तक लिहिणारा एकटा माणूस, थोडं थोडं काढून छापायला देतो. तिकडं टीव्हीवर दर आठवड्याला नवा भाग लागतो, म्हणजे टीव्ही त्याच्या मागून पळत येतो. गाठलं की करणार काय? पुढची गोष्टच नाही! मग वेळ काढायचा. मला ते झटक्यात पटलं. पाहुणे दारात, रस्सा चुलीवर कच्चा, आणि आपण त्यांना सोप्यात बसवून 'पाऊसपाणी कसं काय' विचारत राहतो, तसलंच ते. आणि रस्सा शिजेचना म्हणून टीव्हीवाल्यांनी शेवटी काय केलं? आपलाच शेवट रचून मोकळे झाले. रानू निखारा गावात पोचवते. चुली पेटतात. म्हादू डोंगराची खिंड अडवून उभा राहतो आणि उभ्या उभ्या दगड होतो. सूर्य उगवतो, गाणं वाजतं, संपलं.

तो भाग आम्ही लावला आणि चॅनेलचा फोन जो वाजायला लागला तो थांबेचना. पोरं रडतायत, जेवत नाहीत. एका बाईनं तर मलाच झापलं, "तुमास्नी पोरंबाळं हायत का न्हाईत?"

त्याच आठवड्यात बापू माडीवर आले. त्यांचा घसा बरेच दिवस बसलेला होता. मीठ-पाणी, ज्येष्ठमध, सगळं झालं होतं. शेवटचे भाग त्यांनी कसेबसे दिले होते, दोन वाक्यांत धाप लागायची. ते मिरजेच्या दवाखान्यात दाखवून आलेले. खुर्चीत बसले आणि फुटक्या कर्ण्यासारख्या आवाजात म्हणाले, "गाठ हाय. सगळं काढणार म्हंत्यात. आवाज जाणार."

 धनाजीराव भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

बापूच पुढं बोलले. "जाऊ दे. जीव ऱ्हाईल म्हंत्यात, लई झालं. पर एक सांगा. माझा म्हादू दगड हून बसलाय. गल्लीतली पोरं इचारत्यात, म्हादू उठणार का न्हाय? मी काय सांगू? मी गप हुयाच्या आदी त्येला उठवाय पायजे."

"कसा उठवणार बापू? टेपाच संपल्या," मी म्हटलं.

तेव्हा कोपऱ्यातून वहिनी म्हणाल्या, "पण तो दगड होऊन संपत नाही. पुस्तकात पुढं अख्खे दोन भाग आहेत."

माझ्या अंगावर काटा आला. आजही लिहिताना येतोय, हा बघा! दोन भाग! आम्ही हलती चित्रं घेऊन नाचत होतो आणि गोष्टीचा जीव त्या बाईच्या मांडीवर पडून होता. टीव्हीनं घाई केली तरी लिहिणारा माणूस तिकडं आपल्या गतीनं काढतच राहिला होता. शेवटचे भाग वहिनींच्या यजमानांच्या मित्रानं नंतर तिकडून धाडलेले.

ठरलं. पुस्तकाच्या पानांचंच शूटिंग करायचं, चित्रावरून चित्रावर कॅमेरा फिरवायचा आणि वरून आवाज द्यायचा. धनाजीराव आधी कुरकुरले, "उभी चित्रं कोण बघंल?" मग बापूंच्या गळ्याकडं बघून म्हणाले, "करा. लागंल ते करा."

पहिल्या दिवशी वहिनींना माहेरच्या लग्नाला जावं लागलं. त्यांनी जिवावर उदार होऊन पुस्तकं आमच्या हवाली केली, 'पान दुमडू नका' एवढंच सांगून. मी आणि कॅमेरामन इकबालभाई. लग्नाच्या शूटिंगमधला नावाजलेला माणूस, नवरीच्या डोळ्यातलं पाणी दहा फुटांवरून टिपणारा. आम्ही पुस्तक उघडलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मन लावून शूट केलं आणि मी नुसत्या चित्रांवरून गोष्टही जुळवली. काय भारी गोष्ट जुळली होती म्हणून सांगू! रानू म्हातारी असते, ती हळूहळू तरणी होते. जळालेली घरं गावकरी धुरातून परत उभी करतात. फेकलेले भाले शत्रूच्या हातात परत जातात, म्हणजे शत्रू शरण आला! मी इकबालभाईंना म्हटलं, "काय डोकं आहे हो या जपान्यांचं!" ते म्हणाले, "ताई, काटा आला काटा."

वहिनी परतल्या, टेप बघितली, आणि आधी त्यांना कळेचना. मग कळलं आणि त्या भिंतीच्या गादीला टेकून पोट धरून हसायला लागल्या. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडं वाचतात. आपला शेवटचा पुठ्ठा तो त्यांचा पहिला. आम्ही अख्खी गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडं आणली होती, आणि पानावरच्या चित्रांवरूनही कॅमेरा उलटाच फिरवलेला. "शैलाताई," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "असं झालं असतं तर म्हादू उठायच्या ऐवजी परत दगड झाला असता!" त्या दिवसापासून पान उलटायला वहिनी, कॅमेऱ्याला इकबालभाई, आणि मी गुमान बाजूला.

मग बापू माइकसमोर बसले. मी धास्तावले होते. त्यांना चार शब्दांवर थांबावं लागत होतं. टेपेवर तोंड उघडलं की तेवढ्यात बोलावंच लागतं, चित्र कुणासाठी थांबत नाही. त्या वेगात त्यांना आता एक वाक्यही झेपलं नसतं. पण इथं समोर पान होतं. बापूंनी दोन शब्द म्हटले, पाणी प्यायले, डोळे मिटून बसले. पान तसंच. रानूचा चेहरा तसाच वर बघत, वाट बघत. बापूंना बरं वाटलं की पुढचे दोन शब्द. तोंड मोजायचं नाही, धावायचं नाही. आणि पुस्तकातला म्हादू तसाही बोलतोच किती! वहिनी इतके दिवस ज्यासाठी भांडत होत्या तो मुका म्हादू आज बापूंच्या मदतीला आला होता. मी वहिनींकडं बघितलं. त्यांना माझ्या मनातलं कळलं असणार, कारण त्यांनी माझा हात दाबला.

पुस्तकात म्हादू बरीच वर्षं दगड होऊन बसतो. रानू मोठी होते, म्हातारी होते, रोज त्याच्या पायाशी निखारा ठेवते. शेवटी एका सकाळी दगडाला तडा जातो. शेवटचं पान म्हणजे दोन्ही पानं मिळून एकच चित्र. म्हादूनं तोंड उघडलंय आणि तोंडाशी फुगा आहे. फुगा रिकामा.

"काय लिवलंय?" बापूंनी विचारलं.

"काहीच नाही. त्यानं मोकळाच सोडलाय," वहिनी म्हणाल्या.

"मग झाक झालं! हिथं मी म्हंतो, काळजी न्हाय, म्हादू हाय. माझं शेवटचं."

मी लगेच माइक पुढं केला. यापेक्षा चांगलं काय असणार? पण वहिनी आडव्या आल्या. "नको बापू. लिहिणाऱ्यानं जागा मोकळी ठेवलीय ती मुद्दाम. त्यात आपण काही भरायचं नाही."

मी चिडले. खरंच चिडले. "वहिनी, उद्या या माणसाचा आवाज जाणार आहे! त्याला एक वाक्य बोलू दे की! तुमच्या पुस्तकाला काय भोक पडणार आहे?"

वहिनींचे डोळे भरून आले, पण त्या हटल्या नाहीत. बापू त्या पानाकडं कितीतरी वेळ बघत बसले. त्यांनी हात कानावर नेला, तोंड उघडलं, आणि परत मिटलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे मोकळं. वहिनी म्हंत्यात तसं. पर इकबाल, चित्र लगीच हलवू नगंस. त्येला जरा येळ दे."

इकबालभाईंनी ते पान तसंच धरून ठेवलं. बापू उठले, सगळ्यांना नमस्कार केला आणि जिना उतरून गेले. मला वाटलं, हे आपण फार वाईट केलं. वहिनींशी मी बरेच दिवस धड बोलले नाही.

ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. बापू घरी आल्यावरच शेवटचा भाग लावायचा असं धनाजीरावांनी ठरवलं होतं. मंगळवार पेठेत त्यांच्या गल्लीतल्या तरुण मंडळानं टीव्ही बाहेर ओट्यावर मांडला, वीज गेली तर म्हणून जनरेटर आणून ठेवला. गल्ली नुसती फुलून गेली होती. बापू पुढं खुर्चीत, गळ्याभोवती पांढरं फडकं. मी आणि वहिनी मागं उभ्या.

उभी चित्रं कोण बघंल? सगळ्यांनी बघितली. पोरांनी हूं की चूं केलं नाही. बापूंचा तो फाटका, थांबत थांबत येणारा आवाज गल्लीभर पसरला होता, आणि त्या आवाजाचा धनी खुर्चीत मुका बसला होता. दगडाला तडा गेला. शेवटचं पान आलं. म्हादूनं तोंड उघडलं. रिकामा फुगा. टीव्ही गप्प. गल्ली गप्प. मी मान खाली घातली.

आणि एकदम पोरं ओरडली, "काळजी न्हाय, म्हादू हाय!"

कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. सगळी एकदम! आणि आमची गल्ली थांबते तोवर पलीकडच्या गल्लीतून तीच आरोळी, त्याच्या पलीकडून आणखी एक. सगळ्या गावात तेच पान लागलं होतं ना! घराघरातून, खिडक्याखिडक्यांतून येत होतं. वहिनींनी मला कोपरानं ढोसलं. रडत होत्या आणि तोंड भरून हसतही होत्या. "म्हटलं नव्हतं, मोकळं ठेवा म्हणून?"

मी हरले. भर गल्लीत, आनंदानं हरले.

ती टेप आज कुणाकडं नाही. पुढं कुणाच्या तरी बारशाच्या शूटिंगला ती वापरली गेली. टेप म्हणजे तेव्हा पाटी होती आमची, पुसायची आणि परत लिहायचं. हळहळ वाटते. डॉक्टरनंही तेच विचारलं, 'मावशी, ती कुठं बघायला मिळंल?' मिळणार नाही. पण बापूंना मी त्या संध्याकाळी बघितलंय, ते कुणी पुसू शकत नाही.

पोरांची आरोळी ऐकून बापू खुर्चीतून उठले. पोरांकडं वळले. जुन्या सवयीनं उजवा हात कानावर नेला आणि तोंड उघडलं. मी नेहमीसारखी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. ओठ बापूंचे हलत होते आणि आवाज अख्ख्या गल्लीचा येत होता. इतकं बरोब्बर बसलेलं डबिंग मी आयुष्यात दुसरं बघितलेलं नाही.